आजोच्या पायाचं माप

“टाच झिजलेली नाही,” तपासनीस केळुसकरबाई म्हणाल्या. त्यांनी वहाण उलटी केली, तळावरून बोट फिरवलं आणि ते बोट आम्हाला दाखवलं. बोट कोरडं ठणठणीत होतं. “शेवाळ नाही, मीठ नाही, चिखल नाही. भिकाजी पाताडे, ही जोडी तुम्ही गेल्या जत्रेला देवापुढे ठेवलीत ना? ती तशीच्या तशी आहे.”

भिकाजी पाताडे म्हणजे माझे आबा. ते देवळाच्या उंबऱ्याशी उभे होते. वर्षातून एकदा, जत्रेच्या दिवशी, वहाणा शिवणाऱ्याला तिथपर्यंत यायचा मान असे, आणि नेमकी त्या मानाच्या दिवशीच सगळ्यांदेखत ही शोभा झाली. आबांनी हात पुढे केला. बाईंनी वहाण हातात दिली, तशी त्यांनी ती चाचपली. त्यांना तेव्हा उजेड आणि काळोख एवढंच कळत होतं, बाकी सगळं ते अंगठ्यानं बघत.

“बाय, आमचो आजो खंय जावचो नाय,” ते म्हणाले.

“मलाही तसंच वाटावं असं वाटतं. पण मी वाटण्यावर सही करू शकत नाही.”

त्याला आता एकतीस वर्षं झाली. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि माझी जीभ वडिलांपेक्षा लांब होती.

आमचं शहर, सातखांब, समुद्रात उभं आहे. पाण्यानं किनारा गिळला तेव्हा सात खांबांवर बेचाळीस मजले चढवले. वरच्यांना ऊन मिळालं, मधल्यांना वारा मिळाला आणि सगळ्यात खालच्या पाणतळाला, म्हणजे आम्हाला, जे उरलं ते मिळालं. आमच्याकडे भर दुपारीही दिवे लागत. भिंती पाझरत आणि पंप ते पाणी अखंड बाहेर फेकत. पण पाण्यापेक्षा पाण्यातल्यांची भीती मोठी होती. जी गावं बुडाली त्यांतली माणसंही बुडाली, आणि ती सगळीच काही स्वस्थ झोपलेली नाहीत. जिन्याखालच्या काळ्या पाण्यातून ती हाक मारतात. तुमच्या नावानं, तुमच्या मेलेल्या आईच्या आवाजात. तिसऱ्या हाकेला माणूस पायऱ्या उतरायला लागतं.

यावर एकही यंत्र चाललं नाही. चालला तो फक्त राखणदार. बुडत्या गावांतून लोकांनी डोक्यावरून देव वर आणले आणि एकेका मजल्याला एकेक राखणदार मिळाला. आमचा फणसाच्या लाकडाचा, पुरुषभर उंच, झुपकेदार मिशांचा. लहानथोर सगळे त्याला आजो म्हणत. रोज भर दुपारी आणि तिन्हीसांजेला तो काठी टेकत मजल्याची फेरी मारतो, जिन्याशी थांबतो, खालच्यांना दटावतो. दिसत कुणालाच नाही. पण वर्षाच्या वर्षाला त्याला चामड्याची नवी जोडी लागते, दीड हात लांबीची, आणि जुनी काढावी तर तिचा तळ पापडासारखा झालेला असतो, टाचेत कालवांच्या कपच्या रुतलेल्या असतात. देव आहे याचा आमच्याकडे एवढा एकच पुरावा आणि शहराच्या कचेरीलाही तो मान्य होता. वहाण झिजली नाही म्हणजे राखणदार फिरला नाही. राखणदार नाही म्हणजे त्या मजल्याची दारं बंद करायची आणि मजला समुद्राला सोडायचा.

वर जागा नव्हती. पाणतळातली तीनशे बिऱ्हाडं तराफ्यांवर चढवून भर समुद्रात सोडली जाणार होती. तराफ्यावरून परत आलेलं माणूस मी तरी पाहिलं नव्हतं.

“या वर्षी हाकेला किती गेले?” बाईंनी विचारलं.

“तीन,” गुरव खाली बघून म्हणाला. “आधी धा वर्सात एक पण नाय.”

बाईंनी चष्मा काढून पुसला. त्या वाईट नव्हत्या, आणि मला वाईट वाटलं ते त्याचंच. वाईट असत्या तर भांडता आलं असतं. “नियमात तीन दिवस आहेत, ते तुम्हाला मिळतील. गुरुवारी दुपारी बारा वाजता मी येईन. झिजेची एक रेघ दाखवा, मी सही करते. नाहीतर दारं बंद होतील.”

ती जोडी त्यांनी आमच्याच हवाली केली. आम्ही घरी येईपर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती. कुणी म्हणालं पाताड्यांनी काहीतरी विटाळ केला. कुणी म्हणालं, डोळे गेले तरी म्हातारा मान सोडत नाही, शिवली असेल उलटी-सुलटी. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? आबा ओट्यावर बसले, रापी आणि आरी मांडीवर घेतली आणि काहीच न शिवता बसून राहिले. सकाळपासून त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता. ते बघवेना. मी जोडी पिशवीत टाकली, कानस घेतली आणि पंपघर गाठलं.

खोटं कशाला सांगू, मी देवाची वहाण घासायला गेले होते. थोडा तळ झिजवायचा, थोडं शेवाळ चोळायचं, बाईंच्या हातात द्यायची. पंपांच्या घरघरीत कानशीचा आवाज कुणाला ऐकू जाणार नव्हता.

रुजायमावशीला गेला. रुजाय डिसोझा ही पंपघराची मुकादम. वीस वर्षं गुडघाभर पाण्यात उभी राहून पंप राखणारी बाई, आवाज भोंग्यासारखा.

“काय गो चेडवा, देवाक फसवतंस?”

“देवाक नाय मावशी, कचेरीक.”

“कचेरी शिकलेली आसा. कानशीचो घास तिका कळतलो.” तिनं हातातला पाना खाली ठेवला. “आणि तुझो आजो गेलेलो नाय. रोज दुपारी मी पंप बदलतंय तेवा हय दारासमोरसून काठी जाता. टक, टक, टक.”

माझ्या हातातली कानस तशीच राहिली. “मगे सांगलंस कित्या नाय?”

“माका कोणी इचारला? मी इगर्जीत जाणारी बाय. तुमच्या देवाची उठाठेव मी कित्याक करू?” मग ती आवाज खाली आणून म्हणाली, “पण एक सांगतंय. काठी वाजता, व्हाण वाजणा नाय. आदी कशी करकरत जायची. आता वरीस झाला, नुसती काठी.”

मी वहाण दिव्याखाली धरली. आतापर्यंत सगळ्यांनी तळ पाहिला होता. कारण झीज तळाला असते. पट्ट्याच्या आतल्या बाजूला कोण कशाला बघेल? मी बघितलं. करंगळीच्या जागी दोन टाके ताणून उसवले होते आणि चामड्याला बारीक मीठ धरलं होतं. दुसरी बघितली. तिलाही तिथेच.

पाय घातला होता. घालून बघितला होता आणि काढून ठेवला होता.

“बघतंस काय येवढा?” मावशी म्हणाली. मी वहाणेकडे नाही, तिच्या पायांकडे बघत होते. तिच्या रबरी बुटांना दोन्ही बाजूंनी उभी चीर होती. पाय त्यातून फुगून बाहेर आले होते, पांढुरके, करंगळीकडे पसरलेले. “हसा नको. वीस वर्सा पाण्यात ऱ्हव, मगे तुझे बघूया. लग्नातले बूट अजून पेटयेत आसत माझे. आता तेंच्यात अंगठो पण जाणा नाय.”

मी हसत नव्हते.

आबा देवाची वहाण शिवत ती एका काठीच्या मापानं. ती काठी आबांच्या आजोबांनी बुडत्या गावातून आणली होती, घरातल्या भांड्यांआधी. कोरड्या गावातल्या, कोरड्या पायवाटांवरून हिंडणाऱ्या देवाचं माप होतं ते. पुढे पाणी आलं. पाणतळातल्या सगळ्यांचे पाय सुजले, आणि जो सगळ्यांपेक्षा जास्त त्या पाण्यातून चालतो त्याचे सुजतील की नाही, हा विचार आम्हा चपला शिवणाऱ्यांच्या घरात कुणाच्या डोक्यात आला नाही. इतकी वर्षं निभावलं, कारण म्हशीचं चामडं समजूतदार असतं, पायाबरोबर सैल होतं. गेल्या वर्षी म्हशी संपल्या. कचेरीनं पिंपात वाढवलेलं चामडं पाठवलं, दिसायला गुळगुळीत, ताणायला जाल तर रेसभर हलायचं नाही.

“मावशी,” मी म्हटलं, “व्हाण चावता तेका.”

तिनं छातीवर क्रूस काढला. “देवा सायबा! म्हणजे वरीसभर तो अनवाणी? जिन्यार कालवां बघलंस मां? माझे बूट फाटतत थंयसर.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती बाई काही ऊठसूट रडणाऱ्यांतली नव्हती. “आणि लोक म्हणतत तीन गेले. तो नसतो तर तीन कित्या, तीनशे गेले असते.”

मी घरी धावत आले. आबांच्या हातात वहाण दिली, त्यांचा अंगठा धरून पट्ट्याच्या आत नेला. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

“दोनय पायांत?” त्यांनी विचारलं.

“दोनय. करंगळीकडे.”

त्यांनी ती वहाण कपाळाला लावली. “चाळीस वर्सा काठयेन माप घेतलंय,” ते म्हणाले. “तेका कधी इचारूक नाय.”

“मगे आता काठी मोडायची?”

“काठी ऱ्हवांदे. पाय मोठो झालो, तेत काठयेचो काय दोष?”

पण नवं माप आणायचं कुठून? मूर्तीच्या पायाला हात लावायचा अधिकार आम्हाला नव्हता, आणि लाकडाचा पाय तसाही खरं बोलत नाही. रात्रभर आबा कुशी बदलत राहिले. सकाळी दारात रुजायमावशी उभी. एका हातात फडक्यात गुंडाळलेले लग्नातले बूट, दुसऱ्या खांद्यावर रुंद, काळा, तेल पिऊन मऊ झालेला पट्टा.

“जुन्या पंपाचो पट्टो,” ती म्हणाली. “खऱ्या म्हशीचो. माझ्या घोवान जपून ठेवललो. मेलो बायलेपेक्षा पंपाक जपायचो. घेया.”

आबांनी पट्ट्यावरून हात फिरवला आणि त्यांच्या तोंडावर दोन दिवसांत पहिल्यांदा रंग आला. मग ते म्हणाले, “रुजाय, पाय धू आणि हय उभी ऱ्हव.”

“कित्याक?”

“तुझे लग्नातले बूट म्हणजे आदीचो पाय. आता उभी आसस तो आताचो. किती पटीन वाढलो ता बघतंय. तितक्याच पटीन आजोचो वाढवतंय.”

मावशी दोन पावलं मागे सरली. “भिकाजी, येडो झालंस? माझ्या पायार तुझ्या देवाची व्हाण? मी बायलमाणूस, त्यात किरिस्ताव. तुझो गुरव माका जिन्याखाली ढकलतलो.”

“तू आणि तो एकाच पाण्यात उभी आसात,” आबा म्हणाले. “माप तुझ्याकडेच गावतला.”

मग तिनं पाय धुतले, अगदी घासून धुतले, आणि चामड्याच्या तुकड्यावर उभी राहिली. आबांनी गुडघे टेकून कोळशानं त्या सुजलेल्या पायांभोवती रेघ ओढली. बूट चार बोटं रुंद होता. पाय सहाला जरा कमी भरला.

मग आम्ही कामाला लागलो. मी कापायचं, आबांनी शिवायचं. वहाणेचा पट्टा रुंद केला, अंगठा सैल केला, करंगळीकडे आतून दुहेरी मऊ अस्तर दिलं. चामड्याच्या वाद्या मावशी दातात धरून ताणून देत होती आणि मधूनमधून पंप बघायला पळत होती. ज्यांनी आदल्या दिवशी नावं ठेवली होती त्यांच्याच घरून दोन्ही वेळचं जेवण आलं. मी ते रागानं परत पाठवणार होते, पण आबा म्हणाले, “खाऊन घी. माणसा भ्याली की कायपण बोलतत.” मी खाल्लं, आणि सुरमईचं तिखलं चांगलं झालं होतं हेही कबूल करते.

बुधवारी दुपारी जोडी गुरवाच्या हाती दिली. त्यानं ती खालून-वरून बघितली. “पाताड्या, ही व्हाण शिवलंस की होडी?” असं म्हणाला, पण नेऊन ठेवली. कचेरीच्या शिपायानं गाभाऱ्याच्या दाराला कुलूप घातलं आणि वर लाखेचा शिक्का मारला.

गुरुवारी सगळा पाणतळ देवळापुढच्या बोळात गोळा झाला होता. बायकांनी बोचकी बांधून काखेत धरली होती. केळुसकरबाईंच्या मागे दोन माणसं उभी होती, त्यांच्याकडे समुद्राची दारं फिरवायच्या लांब किल्ल्या होत्या. बाईंनी शिक्का तपासला. शाबूत होता. कुलूप काढलं, दार उघडलं.

मूर्तीच्या पायाशी काहीच नव्हतं. नवी जोडी नाही. नुसता ओला दगड.

लोकांत कुजबुज सुरू झाली, कुणीतरी रडायला लागलं. बाई वळल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. “मला झिजलेली वहाण पाहायची आहे,” त्या म्हणाल्या. “नसलेल्या वहाणेवर मी काय शेरा लिहू?”

वरच्या मजल्यांवर बाराचे टोले पडले. बाईंनी माणसांना खूण करायला हात उचलला.

टक.

जिन्याच्या बाजूनं आवाज आला. टक, टक. आणि काठीच्या दोन ठोक्यांच्या मध्ये दुसरा आवाज, नव्या चामड्याचा, भरल्या पायाचा: करकर, करकर. बोळाच्या टोकाला फरशीवर एक ओला ठसा उमटला. मग दुसरा. परातीएवढे रुंद, करंगळीकडे पसरलेले, आणि त्यांत वादीच्या टाक्यांची रांग स्पष्ट दिसत होती, माझ्याच हातानं भोकं पाडलेली. लोक भिंतींना चिकटले. किल्ल्या घेतलेली माणसं बसकण मारून बसली. केळुसकरबाईंनी आधी स्वतःच्या पायांकडे बघितलं, वाकून आपले बूट काढले आणि अनवाणी बाजूला उभ्या राहिल्या. रुजायमावशी माझा दंड धरून रडत होती आणि हसत होती. मी तर हात जोडायचंही विसरले. माझ्या मनात एकच होतं, की हा गेलं वर्षभर शिंपल्यांवरून अनवाणी चालला, आणि आमच्यातल्या कुणालाच पत्ता नव्हता. असे उपकार मानायला शब्द नसतात. आजही नाहीत. दर जत्रेच्या आधी मी पंपघरातल्यांचे पाय धुऊन त्यांचं माप घेते, तेवढंच काय ते मला जमतं.

आवाज आमच्यासमोरून पुढे निघाला. आबांना ठसे दिसत नव्हते. त्यांनी कान लावून ऐकलं, आणि काल-परवाच्या गिऱ्हाइकाला विचारावं तसं मोठ्यानं विचारलं, “आजो! आता चावना नाय मां?”

करकर थांबली.

बोळात पंपांखेरीज कसलाही आवाज नव्हता. मग दोन पावलं मागे वाजली. ओला ठसा आबांच्या अगदी पुढ्यात उमटला आणि तिथेच राहिला. आबा खाली बसले. त्यांनी हात पुढे केला, तो हवेत कशावर तरी टेकला, आणि त्यांच्या बोटांवरून खारं पाणी ओघळायला लागलं. आम्ही कुणाचाही पाय जसा बघतो तसा त्यांनी तो बघितला. आधी टाच दाबली, मग अंगठा, मग करंगळीकडचा पट्टा, आत बोट घालून. दुसरा पाय पुढे आला, तोही बघितला. कसलीच घाई नव्हती. त्यांचं बघून होईपर्यंत तो उभा होता.

“बसली,” आबा म्हणाले.

मग आजोनं पाय उचलला आणि तो फेरीला गेला.